लॉक कोणाकडे आहे

आमचं ऑफिस साळवी स्टॉपच्या अलीकडे, औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होतं. कंपनी पुण्याची; रत्नागिरीत आम्ही दोघंच. मी आणि नितेश. खाली दुकानाचं शटर उघडलं की आमची जमीन थरथरायची, आणि त्यावरून नऊ वाजल्याचं कळायचं.

मी पंधरा वर्षं कर्नेलमध्ये काम केलं. कंप्युटरच्या अगदी तळाशी, माणसाला कधी न दिसणारा जो प्रोग्रॅम चालतो तो कर्नेल. त्यातही माझा भाग नेटवर्कचा. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट, एखाद्या टाकीचं तापमान असो की कॅमेऱ्याचं चित्र, लहान तुकड्यांनी येते. आमच्या कंपनीच्या पेटीत ते तुकडे उचलायला दोन प्रोसेसर होते. एकाचा नंबर शून्य, दुसऱ्याचा एक. कुठला तुकडा कुठे जायचा याची यादी मात्र दोघांत एकच. शून्य त्या यादीतली एक ओळ काढून टाकत असताना नेमकी तीच ओळ एकने वाचायला घेतली, तर यादी फाटते आणि पेटी कोसळते. म्हणून यादीला लॉक लावतात. ज्याने आधी लॉक घेतलं त्याने काम उरकायचं, दुसऱ्याने तोवर जागच्या जागी वाट पाहायची. सगळं मिळून सेकंदाच्या लाखाव्या भागाचं काम. पंधरा वर्षं मी मुख्यतः हेच केलं: दोघांचे हात एका वेळी एका वस्तूवर पडणार नाहीत असं पाहिलं.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका बर्फाच्या कारखान्यातून तक्रार आली. राजिवड्याच्या पुढे, खाडीच्या काठाला तो कारखाना आहे. मासेमारीचा हंगाम भरात होता. तिथली आमची पेटी बर्फ गोठवायला लागणाऱ्या अमोनियाच्या गळतीवर लक्ष ठेवायची, आणि ती रोज दुपारी बाराच्या सुमाराला बंद पडत होती.

"यादीचं लॉक मी एके ठिकाणी घातलं नव्हतं," नितेश स्कूटरवर मागे बसून म्हणाला. "तिथे दोघं एकदम येणं शक्यच नाही असं वाटलं होतं."

नितेश गुहागरचा. एकोणतीस वर्षांचा, चूक पटकन कबूल करणारा. त्यामुळे त्याच्यावर रागावता यायचं नाही.

कारखान्याचे व्यवस्थापक राजारामकाका आम्हाला वरच्या केबिनमध्ये घेऊन गेले. केबिनला एका बाजूला काच होती आणि काचेतून खालचं सगळं दालन दिसायचं. लाकडी फळ्यांखाली खाऱ्या पाण्याची टाकी, त्यात बुडवलेले पत्र्याचे डबे. क्रेन आठ-आठ डबे उचलायची, डबे उपडे व्हायचे आणि बर्फाच्या लाद्या ओल्या जमिनीवरून घसरत यायच्या. टोकाला बर्फ फोडायचं यंत्र. त्याच्या तोंडात लादी गेली की पलीकडे भिंतीतल्या पन्हाळीतून चुरा बाहेर उभ्या टेम्पोतल्या क्रेटमध्ये पडायचा. कंप्रेसरचा ठोका पायाच्या तळव्यांना लागत होता. नाकात अमोनियाची बारीक टोचणी.

यंत्रावर दोन माणसं होती. शिवा आणि भिकाजी. दोघंही हातखंब्याच्या आतल्या एकाच गावचे, पन्नाशीच्या आसपास. शिवा लोखंडी आकड्याने लादी ओढत आणायचा आणि न बघता हात मागे करायचा. भिकाजी त्या हातातून आकडा घ्यायचा, लादी यंत्रात ढकलायचा आणि आकडा परत त्याच हातात द्यायचा. एकमेकांकडे बघणं नाही, बोलणं नाही. आकडा एकाच माणसाच्या दोन हातांत फिरावा तसा फिरत होता.

"एकोणीस वर्षं चाललाय असा," राजारामकाका म्हणाले. "दुसरा आकडा देतो म्हटला तर नको म्हणतात. लागत नाय म्हणे." मग ते काचेपासून मागे सरकले. "पण आताशा बिनसलाय काय तरी."

मी लॅपटॉप पेटीला जोडला. अकरा चाळीसला पडद्यावर ओळी धावल्या आणि पेटी कोसळली. यादी फाटली होती, नितेशने सांगितलेल्या जागीच. मी समाधानाने मान वर केली, तर खाली शिवाच्या तोंडातून रक्त येत होतं.

दोघांनीही आकडा धरला होता. भिकाजीने कोपराने शिवाच्या तोंडावर मारलं होतं, आणि तो पुन्हा मारत होता. माणसं धावली. त्यांना वेगळं केलं तेव्हा भिकाजी स्वतःच्या कोपराकडे पाहत राहिला. शिवाने ओंजळीत थुंकून एक दात बाहेर काढला, तो न्याहाळला आणि गमबुटाच्या टोकाने नाल्यात ढकलला.

"रोज असा?" मी विचारलं.

"चार-पाच दिवस. ह्याच वेळेला." राजारामकाका खाली जायला निघाले. "जेवायची वेळ. डोकी तापतात."

मी ते मनावर घेतलं नाही. माझ्या पडद्यावर कारण दिसत होतं, आणि ते सरळ होतं.

सुटलेल्या जागी मी लॉक घातलं. ऑफिसात तीच पेटी, तसेच तुकडे, रोजच्या दसपट वेगाने, नऊ दिवस चालवली. एकदाही कोसळली नाही. दहाव्या दिवशी ती कारखान्यात लावली. तिसऱ्या दिवशी फोन आला.

आता पेटी कोसळत नव्हती, थांबत होती. अकरा चाळीसला थांबायची आणि बरोबर अकरा सेकंदांनी आपली आपण पुढे चालू लागायची. मी नोंदी उतरवून घेतल्या. प्रोसेसर शून्य: लॉकची वाट पाहतोय. प्रोसेसर एक: लॉकची वाट पाहतोय.

"मग लॉक कोणाकडे आहे?" नितेशने विचारलं.

लॉक घेणाऱ्याचा नंबर नोंदीत असतो. तिथे दोन लिहिलं होतं.

पेटीत प्रोसेसर दोनच होते, शून्य आणि एक. दोन नंबरचा प्रोसेसर कधी नव्हताच. त्याला बसायला सर्किटवर जागासुद्धा नव्हती.

"मेमरी खराब असेल," नितेश म्हणाला. मीही तेच म्हटलं असतं. आम्ही पेटी बदलली. दुसऱ्या दिवशी नव्या पेटीने अकरा सेकंद आणि तोच नंबर दाखवला. वायरी बदलल्या, विजेचा पुरवठा बदलला. ऑफिसात आणली की तीच पेटी निमूट चालायची.

मग मी कारखान्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहायला घेतलं. चित्र पेटीतूनच जात असल्यामुळे रोज अकरा सेकंदांची खाच होती. खाचेच्या आधी शिवा लादी ओढतोय. खाचेनंतर दोघं जमिनीवर. सोमवारी शिवाचा गुडघा भिकाजीच्या छातीवर. मंगळवारी भिकाजीने शिवाचं डोकं लादीवर धरून आपटायला घेतलेलं. बुधवारी भिकाजी दोन्ही हातांनी कान दाबून बसलेला, बोटांतून रक्त मनगटावर उतरतंय, आणि शिवा तोंडातलं काही तरी तळहातावर काढून घेतोय. चित्र मोठं केलं. कानाची पाळी होती.

माझ्या पाठीमागे नितेश उभा होता. तो बाहेर गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मी राजारामकाकांना फोन केला. त्या दोघांना वेगळं काम द्या म्हटलं.

"दिला होता, मॅडम. शिवाला क्रेनवर पाठवला, तर तिथला माणूस आणि तो एकाच साखळीला धरून बसले. त्या माणसाचा अंगठा मोडला. परत यंत्रावर आणला." त्यांनी आवाज खाली आणला. "भिकाजीच्या बायकोने, शालनने, कालच विचारलंन मला. म्हणाली, आमच्या घरी शिवा नि भिकाजी एका ताटात जेवतात, तिथे यंत्रावर काय होतं? काय सांगू?"

उपाय माझ्याकडे होता, आणि तो खरोखर साधा होता. यादी एकच ठेवायची नाही. शून्यला त्याची स्वतःची यादी, एकला त्याची. कोणी कोणाच्या वस्तूला हात लावायचा नाही. मग लॉक लागत नाही, वाट पाहावी लागत नाही आणि कुठल्याच नंबरला मध्ये धरायला काही उरत नाही. गुरुवारी संध्याकाळी मी तसं लिहून पूर्ण केलं. नितेशने तपासलं.

"उद्या सकाळी घालून येऊया," तो म्हणाला.

"उद्या नको. मला एकदा बघायचंय."

"काय बघायचंय?"

"लॉक कोण घेतंय ते. प्रत्येक वेळी लॉक घेताना आणि सोडताना कोणाकडून घेतलं, कुठल्या ओळीवरून, सगळं लिहून ठेवणारा कोड घातलाय मी. दोन दिवस ठेवू. मग हा उपाय."

नितेशने लॅपटॉप मिटला. "ताई, तिथे माणसं एकमेकांना चावतायत."

"त्याचा आणि पेटीचा संबंध आहे असं तू पुण्याला लिहून देशील?"

तो हसला नाही. मी हे मुद्दाम सविस्तर सांगतेय. पुढे जे झालं त्यात न समजण्यासारखं पुष्कळ आहे; पण हा भाग समजण्यासारखा आहे. उपाय तयार होता आणि मी तो दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. एखादी गोष्ट बंद झाली पण का होत होती ते कळलं नाही, हे मला कधीच सहन झालेलं नाही.

शुक्रवारी पेटीला काही झालं नाही. राजारामकाकांनी दोघांना सुट्टी दिली होती.

शनिवारी दोघं कामावर होते. भाट्याच्या बाजूने गरम वारा येत होता. आम्ही अकराला केबिनमध्ये गेलो. पेटी भिंतीवर होती, तिची वायर माझ्या टेबलाजवळच्या बोर्डात. पेटीचं झाकण उघडलं होतं; स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर टेबलावर. नितेश बोर्डाशी उभा राहिला. नोंदी पेटीच्या मेमरीत साठत होत्या, थांबा सुटला की त्या माझ्या लॅपटॉपवर उतरणार होत्या. त्याआधी वीज गेली तर सगळं पुसलं जाणार होतं. हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं.

खाली शिवाने लादी ओढली. हात मागे केला. भिकाजीने आकडा घेतला. त्याच्या कानाला पांढरी पट्टी होती, शिवाचा वरचा ओठ अजून सुजलेला. पण हात तसेच चालत होते, आकडा तसाच फिरत होता. मला वाटलं, आज काही होणार नाही.

अकरा चाळीस.

पडद्यावरच्या ओळी थांबल्या. शून्य वाट पाहतोय. एक वाट पाहतोय.

लॉक: दोन.

मी काचेतून खाली पाहिलं.

ते भांडत नव्हते. अकरा सेकंदांच्या त्या खाचेत ते भांडत असतील असंच मी इतके दिवस धरून चालले होते. ते उभे होते. दोघांचे हात आकड्याच्या मुठीच्या दिशेने पुढे आलेले, बोटं उघडी, मुठीपासून चार अंगुळांवर थांबलेली. दोघांच्याही दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आकडा दोघांच्या मध्ये, छातीच्या उंचीवर होता. त्याला कोणी धरलं नव्हतं.

कंप्रेसर चालू होता. यंत्र चालू होतं. एक लादी आपली आपण घसरत येऊन भिंतीला धडकली आणि तडकली.

"ताई," नितेश म्हणाला. "बंद करतो."

"थांब."

"ताई, बघा तिकडे!"

तो वायरीकडे झुकला. मी त्याचं मनगट धरलं.

"लिहून होऊ दे," मी म्हणाले. माझा आवाज अगदी शांत होता, हे मला आठवतं.

"सोडा."

मी सोडलं नाही.

खाली आकडा हळूहळू फिरला. टोक भिकाजीकडे झालं.

सात सेकंद. आठ.

नितेश माझ्याहून ताकदवान होता. तो वायरीपर्यंत पोचला. त्याची बोटं तिच्याभोवती मिटायला आलेली मी पाहिली. ती मिटली नाहीत. वायर आधीच कोणीतरी घट्ट धरलेली असावी तशी ती ताणून उभी राहिली, आणि त्याची बोटं तिच्यावरून घसरली.

दहा.

अकरा.

पडद्यावर ओळी धबधब्यासारख्या सुटल्या, आणि नितेश ओरडला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मी खाली पाहत होते. आकडा भिकाजीच्या गळ्यात, हनुवटीच्या खाली शिरला होता आणि मूठ शिवाच्या हातात होती. शिवाने तो ओढून काढला. पुन्हा घातला. भिकाजी गुडघ्यांवर आला, मग यंत्राच्या तोंडाशी असलेल्या लादीवर आडवा पडला. शिवा लादी ओढतो त्याच तालात मारत होता. घाई नाही, राग नाही. मी मोजलं. मोजायची सवय आहे मला. नऊ.

लादी यंत्रात गेली. भिकाजी तिच्यावरून बाजूला घसरला, पण त्याचं रक्त तिच्याबरोबर गेलं. भिंतीपलीकडे टेम्पोवाल्याला काही माहीत नव्हतं. त्याच्या क्रेटमध्ये गुलाबी चुरा पडत होता आणि तो फोनवर बोलत फावड्याने तो सारखा करत होता.

मग शिवाने हात मागे केला. न बघता. मूठ मागे, टोक स्वतःकडे. भिकाजीने घ्यावा म्हणून.

तो तसाच उभा राहिला. दालनातली माणसं दाराकडे पळाली होती. राजारामकाका धावत येऊन त्याच्यासमोर उभे राहिले तरी तो हात पुढे-मागे झाला नाही. तो वाट पाहत होता.

नितेशचा उजवा तळहात टेबलाला खिळला होता. स्क्रू ड्रायव्हर मधल्या दोन बोटांच्या मुळातून आरपार जाऊन लाकडात रुतला होता. रक्त टेबलाच्या कडेवरून माझ्या सलवारीवर पडत होतं. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल होते. मी अजूनही दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरून होते. ते सोडायला मला बराच वेळ लागला.

पोलिसांना मी सांगितलं की झटापटीत माझ्याकडून झालं. नितेशने सांगितलं की घाबरून तो स्वतःच टेबलावर पडला. त्याचं म्हणणं त्यांना पटलं. त्यांचं लक्ष खालच्या दालनात होतं.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेले. नितेशची आई पलंगाशी होती. तिने मला बसायला स्टूल दिलं आणि चहा आणायला गेली.

"तू खोटं का सांगितलंस?" मी विचारलं.

"खोटं तुम्ही सांगितलंत." त्याचा चेहरा पिवळा पडला होता. "ताई, तुमचे दोन्ही हात माझ्या मनगटावर होते. शेवटपर्यंत. मी बघत होतो ना. तुमच्या हातात स्क्रू ड्रायव्हर यायचाच कुठून?"

"मग?"

त्याने पट्टीतल्या हाताकडे पाहिलं. "डॉक्टर म्हणाले, दोन बोटं वळणार नाहीत." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "तुमच्या नोंदी मिळाल्या?"

मिळाल्या होत्या. मी आदल्या दिवशीच वाचल्या होत्या, कपडे न बदलता. हे मी त्याला सांगितलं नाही. पण त्याला ते कळलं असावं, कारण त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. महिन्याभराने तो गुहागरला गेला, आणि आता त्याचा फोन लागत नाही.

नोंदींत असं होतं. लॉक घेतल्याच्या चार हजारांवर ओळी, शून्यच्या आणि एकच्या, आणि प्रत्येक घेतल्याला तितकीच सोडल्याची ओळ. हिशेब चोख. त्या अकरा सेकंदांच्या शेवटी मात्र सोडल्याची एक ओळ जास्त होती. दोनने लॉक सोडलं. ते त्याने घेतल्याची ओळ कुठेच नव्हती. मी पेटी सुरू झाल्याच्या क्षणापर्यंत मागे गेले. त्याने ते घेतलंच नव्हतं. ते आधीपासूनच त्याच्याकडे होतं.

शिवाने पोलिसांना एकच वाक्य सांगितलं, रोज, विचारतील तितक्या वेळा. "मी धरलाच नव्हता, सायब, मी सुटायची वाट बघत होतो." तो अजून आत आहे. वकिलाने त्याच्या डोक्यावर परिणाम झाल्याचं कोर्टाला सांगितलंय.

तयार असलेला उपाय मी सोमवारी सगळ्या पेट्यांवर घातला. प्रत्येकाची यादी वेगळी. कारखान्यातली पेटी पोलिसांनी परत दिल्यावर तिच्यातही. ती त्यानंतर एकदाही थांबली नाही. पुण्याहून माझं कौतुक करणारी मेल आली. डिसेंबरात मी नोकरी सोडली. सध्या इथल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना साधं प्रोग्रॅमिंग शिकवते.

कारखाना बारा दिवस बंद होता. मग उघडला, होड्या थांबत नाहीत. भिकाजीच्या जागी शालनला घेतलं असं कळलं. तिला भेटायचं धाडस मला फेब्रुवारीपर्यंत झालं नाही.

सकाळी दहाला गेले. राजारामकाका खूप म्हातारे दिसले. त्यांनी मला अडवलं नाही. "दालनात जा," म्हणाले, "पण कशाला हात लावू नका. विचारल्याशिवाय."

आत सगळं बदललं होतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, मुठीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या, गोणपाटं वेगळी, गमबूट ठेवायचे खण वेगळे. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाची उभं राहायची जागा आखली होती. माझा उपाय मी कोणाला समजावून सांगितला नव्हता. त्यांनी तो स्वतःच शोधला होता.

शालन क्रेनपाशी होती. उंच, हडकुळी बाई, डोक्याला रुमाल, नवऱ्याचा असावा असा ढगळ स्वेटर. मी माझं नाव सांगितलं.

"वळखलंय," ती म्हणाली.

मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. पेटी नीट करायचा उपाय दोन दिवस आधी तयार होता. मी घातला नाही. मला बघायचं होतं. त्या वेळी नितेश वायर काढत होता, ती मी काढू दिली नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. कंप्रेसरचा ठोका पडत होता.

"काढू दिली असतीत तर ह्ये वाचले असते?"

"माहीत नाही."

"शिवाभावजी तरी आत गेले नसते?"

"माहीत नाही, वहिनी. खरंच माहीत नाही."

"मग कशाला सांगायला आलात?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. तिने रुमाल घट्ट केला आणि कामाकडे वळली. "हितं रावा हवं तर. मना डबे काढायचेत."

क्रेन एकच होती. तिचं बटणांचं हँडल वरून केबलला लोंबत होतं. रबराची जाड मूठ, वर-खाली करायची दोन बटणं. ते वाटून घेता येण्यासारखं नव्हतं. दालनाच्या त्या टोकाला आम्ही दोघीच होतो. बाकीचे पार यंत्राशी, आपापल्या रेघांच्या आत.

शालन हँडलसमोर उभी राहिली. तिने हात पुढे केला नाही.

"घेऊ?" तिने विचारलं.

मला वाटलं मला विचारतेय. मी हो म्हणणार होते. तिने दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली.

ती थांबली. मीही थांबले. टाकीवरच्या फळ्यांतून गार वाफ येत होती, माझा श्वास समोर पांढरा दिसत होता. हँडल स्थिर लोंबत होतं.

"घेऊ?" ती पुन्हा म्हणाली, आणि मान किंचित तिरपी करून ऐकल्यासारखी उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता पुटपुटली, "अजून नाय."

"कोण आहे?" मी विचारलं.

"त्ये आमी इचारत नाय."

आणखी थोडा वेळ गेला. मग तिच्या खांद्यांतला ताण उतरला. तिने हात पुढे केला, हँडल घेतलं, बटण दाबलं, आणि आठ डबे पाणी गाळत वर आले. ते पलीकडच्या साध्या पाण्याच्या टाकीवर ढकलत नेऊन तिने सावकाश खाली सोडले. माझ्याकडे वळली.

"धरा," ती म्हणाली, आणि हँडल माझ्याकडे केलं. "धरून बघा, म्हणजे कळंल."

तिने ते कडेच्या वायरीला चिमटीत धरलं होतं, मुठीला आता तिचा हात नव्हता. तिच्या हातांत रबराचे जाड मोजे होते, बर्फाने पांढरे पडलेले. मी मूठ धरली.

उणे दहा अंशांच्या टाकीवर ती मूठ कोमट होती, आणि घामाने ओली.